क्यूच्या जोडात पिन सरळ कशी बसवावी?

भुसावळहून आपण पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतःच्या वर्कशॉपमधील सहा फुटी लेथवर आपण पूलच्या, म्हणजे टेबलावर चेंडूंनी खेळायच्या खेळाच्या, दोन तुकड्यांच्या क्यू (खेळण्याच्या काठ्या) बनवता. बट, म्हणजे हातात धरायचा मागचा तुकडा, एकटा टेबलावर लोळवला तर सरळ दिसतो, शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता तुकडा, एकटा लोळवला तर तोही सरळ दिसतो, परंतु दोन्ही जोडून लोळवले की टोक डोलू लागते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत बसवलेल्या काही पिना, म्हणजे दोन तुकडे जोडणारे आट्यांचे दांडे, पावसाळ्यात सैल झाल्या. भोक आपण टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या सरकत्या मागच्या भागात, ड्रिल धरून पाडता, त्यात हाताने टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवता आणि पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने पिन चिकटवता. पिन कोणती घ्यावी, भोक कसे पाडावे आणि चिकटवायला काय वापरावे, हे आपले तीन प्रश्न आहेत. मी धुळ्याला हेच काम करतो, त्यामुळे आपल्याकडचे हवामान, आपल्याकडची लेथ आणि जळगाव-धुळ्याच्या बाजारात मिळणारी हत्यारे गृहीत धरूनच उत्तर लिहितो. प्रश्नांचा क्रम मात्र बदलतो, कारण आपली खरी अडचण भोकात आहे आणि पिनच्या जातीचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

आधी जोडातील कोणता भाग कोणते काम करतो ते वेगळे करून पाहू. बट आणि शाफ्ट ज्या सपाट तोंडांनी एकमेकांना टेकतात ते दोन फेस क्यूची सरळ रेषा ठरवतात. पिनचे काम दोन्ही तोंडे एकमेकांवर ओढून धरण्याचे आणि शाफ्ट मध्यावर आणण्याचे असते. हा फरक आकड्यांत पाहिला की लगेच पटतो. पूलची क्यू साधारण ५८ इंचांची असते, म्हणजे शाफ्ट २९ इंचांचा, सुमारे ७३७ मिलिमीटर. जोडापाशी व्यास साधारण २१.५ मिलिमीटर असतो. या २१.५ मिलिमीटरच्या फेसवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत केवळ ०.०२ मिलिमीटरचा तिरपेपणा राहिला, तरी शाफ्टचे टोक मध्यरेषेपासून सुमारे ०.७ मिलिमीटर सरकते, आणि लोळवताना ते वरखाली त्याच्या दुप्पट दिसते. आता पिनचा हिशेब पाहा. बाहेर आलेल्या ३० मिलिमीटर लांबीत पिन ०.१ मिलिमीटर कलली असेल आणि शाफ्ट केवळ तिच्याच आधाराने उभा राहिला, तर टोक जवळजवळ अडीच मिलिमीटर हलायला हवे. प्रत्यक्षात इतके हलत नाही, कारण जोड आवळताना फेस एकमेकांना टेकतात आणि शाफ्टला सरळ आणू पाहतात. पण कललेल्या पिनचा हट्ट कुठेतरी जिरतोच: पिन किंचित वाकते, आतील लाकडी आटे एका बाजूने दबतात, किंवा जोडाच्या एका अंगाला केसाएवढी फट राहते. अशी क्यू नवी असताना बरी वाटते आणि काही महिन्यांत बिघडते. बैलगाडीच्या आसालाच बाक असेल तर चाकाला कितीही वंगण घातले तरी ते डोलणारच, तशातला हा प्रकार आहे.

दोष बटकडे आहे की शाफ्टकडे, हे हत्यार हातात घेण्यापूर्वी निश्चित करावे. क्यू जोडून, नेहमीइतकी आवळून, सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटवर लोळवा. टोक सर्वांत वर येते त्या स्थितीत थांबवा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना, बटवर आणि शाफ्टवर, वरच्या अंगाला पेन्सिलने एकेक बारीक खूण करा. मग त्याच बटला दुसरा शाफ्ट लावा आणि पुन्हा तेच करा. दुसऱ्या शाफ्टच्या वेळीही उंचवटा बटवरील जुन्या खुणेपाशीच आला तर दोष बटच्या फेसमध्ये किंवा पिनमध्ये आहे. तो बटवर दुसरीकडे गेला तर पहिला शाफ्ट तपासावा. वेगवेगळे शाफ्ट आटे संपताना वेगवेगळ्या कोनात थांबतात, म्हणूनच ही चाचणी उपयोगी पडते. आपल्या वर्णनावरून माझा अंदाज बटकडे जातो, पण खूण केल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

त्यानंतर बट लेथवर धरून पिनवर डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारे मापक) लावा. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गेजचे गोल किंवा टोकदार टोक आट्यांवर ठेवले तर ते खाचेत उतरते, काटा नाचत राहतो आणि आकडा निरर्थक ठरतो. म्हणून चपट्या टोकाचा स्पर्शक वापरावा, जो एकाच वेळी दोन-तीन आट्यांच्या माथ्यांवर टेकतो. मोजमाप दोन ठिकाणी घ्या: कॉलरला, म्हणजे बटच्या जोडाकडील कड्याला, लागून आणि पिनच्या शेवटाजवळ. दोन्हीकडे एकाच दिशेला सारखाच आकडा आला तर पिन सरळ आहे, पण मध्यापासून सरकलेली आहे. मुळाशी आकडा कमी आणि शेवटाला जास्त आला तर पिन कललेली आहे. पहिला दोष भोकाच्या जागेचा असतो, दुसरा भोकाच्या दिशेचा, आणि दोहोंचे उपाय वेगळे आहेत. चांगल्या कामात शेवटापाशीही एकूण फरक ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरच्या आत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, ठेवता येतो आणि त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

आता भोकाविषयी. टेलस्टॉकमधील ड्रिल आणि हातातील टॅप या पद्धतीत दोन वेगवेगळे दोष एकत्र येतात. आपल्याकडील बहुतेक वर्कशॉपमध्ये पंजाबातील बटाला किंवा गुजरातमधील राजकोट येथे बनलेली, बरीच वर्षे पंपाच्या शाफ्ट आणि बुश काढून झिजलेली लेथ असते. तिच्या टेलस्टॉकचा तळ झिजून त्याचे सेंटर काम फिरवणाऱ्या स्पिंडलच्या खाली आलेले असते, आणि ते आडवे सरकले असेल तर निराळेच. लोखंडात ड्रिल निदान एकसारख्या धातूतून जाते. लाकडाच्या आडव्या कापात त्याला एक वर्षवलय कठीण, पुढचे मऊ, मध्येच एखादी तिरकी शीर असे लागत जाते, आणि ड्रिल नेहमी मऊ बाजूला झुकते. तोंडाशी भोक अगदी मध्यावर दिसते आणि दीड इंच आत गेल्यावर अर्धा मिलिमीटर बाजूला गेलेले असते. त्यात टॅप सोडला की तो भोकाचीच दिशा पकडतो, शिवाय हाताने फिरवताना त्यात आपलाही कल मिसळतो. पिन मग या दोन्ही चुकांची बेरीज दाखवते.

यावर उपाय म्हणजे अंतिम माप बोरिंग बारने, म्हणजे भोक आतून कापून मोठे करणाऱ्या एका टोकाच्या हत्याराने, घेणे. काम फिरते आहे आणि हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट आहे, तेव्हा जे भोक कापले जाते ते स्पिंडलच्या अक्षाभोवतीच गोल निघते. मग टेलस्टॉक कितीही झिजलेला असो, त्याचा या भोकाशी संबंधच उरत नाही. लेथच्या पाटा (हत्यार ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) किंचित झिजल्या असतील तर भोक थोडे निमुळते होईल, पण मध्य सोडणार नाही. ड्रिलला स्वतःची दिशा असते, बोरिंग बारला नसते, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व आहे. ते एकदा मान्य केले की पुढचे सगळे टप्पे आपोआप सुचत जातात.

बट धरण्याची तऱ्हा अशी ठेवावी. बट हेडस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या बाजूच्या, पोकळीतून आत घालावा आणि जोडाकडील टोक काम पकडणाऱ्या चकच्या बाहेर शक्य तितके कमी, दोन बोटे रुंदीइतकेच, ठेवावे. बटचा तळ साधारण सव्वा इंचाचा असतो, म्हणून स्पिंडलचा बोअर ३८ मिलिमीटर असेल तर सहज पुरतो. लहान असेल तर स्टेडी (लांब काम मधे धरणारा आधार) लावून काम करावे लागते आणि ते कटकटीचे आहे. तीन जबड्यांच्या चकवर विसंबू नये. नव्या चकमध्येही अर्ध्या-पाऊण दशांश मिलिमीटरचा फरक सामान्य मानला जातो, आणि जुन्यात तर विचारूच नये. चार जबड्यांचा चक, त्यात एका बाजूने चिरलेला नायलॉनचा बुश, म्हणजे लाकडावर वळ उठत नाहीत. स्पिंडलच्या मागच्या तोंडाला चार बोल्टांची एक साधी रिंग करून घ्यावी आणि बटचे मागचे टोकही त्या बोल्टांनी मध्यावर आणावे. पुढचे टोक मध्यावर आणि मागचे वाऱ्यावर असेल तर बट कोनात फिरतो. डायल गेज कॉलरपाशी शून्य दाखवतो आणि पिन तरीही तिरकी जाते. अनेक जण नेमके इथेच फसतात, म्हणून गेज कॉलरजवळ आणि चकला लागून अशा दोन्ही जागी लावून पाहावा.

बट असा धरल्यावर फेस घेणे, कॉलरचा बाहेरचा व्यास साफ करणे, भोक आणि आटे ही सगळी कामे एकाच सेटिंगमध्ये पूर्ण करावीत. चहाला गेलात तरी चालेल, पण काम चकमधून सोडू नका.

भोकाचा क्रम साधा आहे. सेंटर ड्रिलने सुरुवात करावी, मग अंतिम मापापेक्षा एक ते दीड मिलिमीटर लहान ड्रिल, दर पाच मिलिमीटरला बाहेर काढून भुसा झाडत, आत न्यावे. पिन जितकी आत जाणार त्यापेक्षा भोक तीन-चार मिलिमीटर खोल ठेवावे. साधारण तीन इंची पिन असेल तर दीड इंचाहून थोडी जास्त लांबी बटमध्ये जाते. मग बोरिंग बार. इतक्या बारीक भोकात जाणारा बार पाच मिलिमीटरचा आणि बाहेर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर निघालेला असतो, म्हणजे तो लवणारच. म्हणून कार्बाइडचा बार घ्यावा, एका वेळी ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नये, आणि शेवटचा हात हत्यार न सरकवता तसाच दोनदा फिरवावा. दुसऱ्या फेऱ्यातही थोडा भुसा निघतो, तो लवलेल्या बारने मागे ठेवलेला असतो. कार्बाइड बार जवळ नसेल तर निदान सुरुवातीचा अर्धा-पाऊण इंच साध्या बारने बोअर करावा आणि त्याच व्यासाचे ड्रिल त्या खऱ्या भोकाच्या आधाराने पुढे सोडावे. ही पळवाट आहे, पण थेट ड्रिलपेक्षा पुष्कळ बरी आहे.

आट्यांसाठी टॅप वापरायला हरकत नाही, मात्र तो हँडलने अंदाजे फिरवू नये. टॅपच्या मागच्या टोकाला सेंटरचे बारीक छिद्र असते, त्याला टेलस्टॉकचे सेंटर हलके लावून ठेवावे. या कामात सेंटर केवळ आधार देते, दिशा बोअर केलेले भोक देते. लेथ बंद ठेवून चक हाताने फिरवावा, प्रत्येक फेऱ्याला अर्धा फेरा उलटा घ्यावा आणि भुसा फुंकून काढावा. आडव्या कापातील आटे ठिसूळ असतात, म्हणून पहिल्यांदा टॅप काढल्यावर आत पातळ सुपर ग्लूचे काही थेंब सोडावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि तोच टॅप पुन्हा फिरवावा. आटे काचेसारखे स्वच्छ निघतात. त्या वेळी निघणारा धूर डोळ्यांना झोंबतो, तेव्हा पंखा मागून असावा.

शेवटी तोंडाकडील दहा-बारा मिलिमीटर लांबीतील आटे बोरिंग बारने काढून टाकावेत आणि तिथे पिनच्या बाहेरच्या व्यासाइतका गुळगुळीत बोअर ठेवावा. पिन मध्यावर धरण्याचे काम हा भाग करतो. आटे थोडे सैल आणि हा भाग अचूक, असे असावे; बोटांनी पिन आत जावी, पण आडवी हलवली तर हलू नये. पुष्कळ कारागीर उलटे करतात, आटे इतके घट्ट ठेवतात की पिन पकडीने फिरवावी लागते, आणि तोच मजबुतीचा पुरावा मानतात. माझ्या मते तो भ्रम आहे. घट्ट आट्यांत पिन लाकडाच्या शिरांच्या जोराने स्वतःची वाट काढते आणि ग्लूला जागाच उरत नाही. सुकी पिन बसवून गेज लावा, आकडा बरा आला तरच ग्लूचा डबा उघडा.

आता पिन कोणती, याविषयी. अमेरिकेत बनणाऱ्या क्यूंमध्ये ५/१६ इंच जाडीची आणि इंचाला १८ आट्यांची, ५/१६ ला १४ आट्यांची, ३/८ ला १० आट्यांची आणि गोलसर तळाच्या आट्यांची रेडियल, या जाती सर्रास दिसतात. आपल्या भाषेत ५/१६ म्हणजे अडीच सूत आणि ३/८ म्हणजे तीन सूत. दुकानात जाऊन ‘अडीच सुताचा टॅप द्या’ म्हटले की जो टॅप हातात पडतो तो बहुधा व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश प्रमाणाचा असतो. त्यालाही इंचाला १८ आटेच असतात, पण त्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो आणि पिनवरील आट्यांचा ६० अंशांचा. पिन आत जाते, म्हणून कोणाला शंका येत नाही. प्रत्यक्षात आटे पूर्ण अंगाने टेकत नाहीत आणि जोर एका रेषेवर येतो. टॅपवर यूएनसी अशी अमेरिकी प्रमाणाची अक्षरे कोरलेली आहेत का ते पाहूनच घ्यावा. आठ मिलिमीटरचा टॅपही मापाला जवळचा वाटतो, पण त्याची पिच (दोन आट्यांमधील अंतर) १.२५ मिलिमीटर आणि १८ आट्यांची पिच १.४११ मिलिमीटर, त्यामुळे चार-पाच आट्यांतच पिन अडकते आणि जोर लावला तर लाकूड फाटते.

तीन सुताच्या १० आट्यांचा टॅप तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतच नाही, तिथे तीन सुताला १६ आटे असतात. तो टॅप पिन विकणाऱ्याकडूनच मागवावा, किंवा ज्याला आटे कापता येतात त्याने स्वतः करून घ्यावा. आपल्या लेथचा लीड स्क्रू (आटे कापताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा असेल तर १० आट्यांसाठी ४० आणि १०० दातांचे गिअर पुरतात, १८ साठी २० आणि ९०. या जाड आट्यांच्या पिनचा गाभाही सपाट तळाचा असतो, म्हणून भोकाचे माप तक्त्यातून न घेता हातातील पिनचा गाभा मायक्रोमीटरने मोजून ठरवावे.

माझा कौल आपल्यासाठी तीन सुताच्या १० आट्यांच्या पिनला आहे. ती शाफ्टच्या लाकडातच थेट बसते, पितळी इन्सर्टचे, म्हणजे शाफ्टमध्ये बसवायच्या आट्यांच्या नळीचे, एक काम आणि एक चूक वाचते, आणि जाड आट्यांमुळे वारंवार जोडून-सोडूनही लाकूड लवकर झिजत नाही. कोणत्या पिनने फटका ‘कडक’ लागतो आणि कोणत्या पिनने ‘मऊ’, यावर खेळणारे तासन्‌तास बोलतात. नीट बसवलेल्या दोन जातींमधील फरकापेक्षा नीट आणि वाईट बसवलेल्या एकाच जातीमधील फरक कितीतरी मोठा असतो, असे मला वाटते. धातूची निवड मात्र वजनासाठी विचारपूर्वक करावी. स्टीलची घनता ७.९ च्या आसपास, टायटॅनियमची ४.५, अ‍ॅल्युमिनियमची २.७ आणि जी-१० या काचतंतूच्या पट्टीची २ पेक्षाही कमी. एकूण १९ औंसांच्या, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅमच्या क्यूमध्ये पिनच्या वीस-पंचवीस ग्रॅमनी तोल पुढे-मागे सरकल्याचे हाताला कळते. सातपुड्याच्या पायथ्याचे अंजन वापरून कोणी बटचा पुढचा भाग करणार असेल तर जी-१० चाच विचार करावा, कारण अंजन हे आपल्याकडील सर्वांत जड लाकडांत मोडते आणि त्यात स्टीलची पिन टाकली की क्यू नाकाकडे झुकते. अंजनात आटे मात्र सुरेख निघतात. सागात तेल असते, म्हणून चिकटवण्यापूर्वी लगेच भोक अ‍ॅसिटोनने पुसावे लागते.

पिना सैल होण्याचे कारण मला हवामान आणि ग्लू या दोहोंत दिसते. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून खाली येते. अशा हवेत दीर्घकाळ ठेवलेल्या लाकडातील ओलावा साडेचार टक्क्यांकडे झुकतो. मृगानंतर ८० टक्के आर्द्रतेत तो सोळा टक्क्यांकडे जाऊ लागतो. ओलावा नऊ टक्क्यांनी वाढला तर मेपलचे लाकूड वलयांच्या दिशेने सुमारे तीन टक्के आणि त्याला आडव्या दिशेने सुमारे दीड टक्का फुगते. फुगणाऱ्या लाकडातील भोकही लाकडाबरोबर मोठे होते, लहान होत नाही. आठ मिलिमीटरच्या भोकात हा हिशेब एका दिशेला पाव मिलिमीटर आणि दुसऱ्या दिशेला त्याच्या निम्मा येतो. पॉलिशमुळे प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, पण ठिसूळ ग्लूचा पापुद्रा सुटायला याचा थोडा अंशही पुरतो. म्हणून भोक कच्चे पाडून लाकूड काही आठवडे विसावू द्यावे, ते काट्यावर अधूनमधून तोलावे, वजन स्थिर झाले की अंतिम बोअर घ्यावा. माझी अशी बहुतेक कामे दिवाळीनंतर ते होळीपर्यंत होतात; त्या काळात हवा ना कोरडीठाक असते ना दमट.

ग्लू सावकाश घट्ट होणारा दोन भागांचा इपॉक्सी घ्यावा, ज्याला चोवीस तास लागतात असा. पाच मिनिटांचा इपॉक्सी कमजोर असतो आणि उष्णतेत लवकर मऊ पडतो. तापमान दहा अंशांनी वाढले की मिसळलेला इपॉक्सी वापरण्याची मुदत साधारण निम्मी होते, हा ठोकताळा लक्षात ठेवला तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे काम का करू नये ते सांगावे लागणार नाही. पहाटे करावे. शिवाय घरच्या तापमानाला घट्ट झालेले बहुतेक इपॉक्सी ५० ते ६० अंशांपाशी मऊ पडू लागतात, आणि जळगावच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी तितकी सहज तापते. ग्राहकाला क्यू देताना ‘डिकीत ठेवू नका’ हे आवर्जून सांगावे.

पिनचा आत जाणारा भाग अ‍ॅसिटोनने धुऊन, खरखरीत कागदाने घासून, त्यावर लांबीच्या दिशेने कानशीने एक उथळ खाच काढावी. ही खाच नसेल तर पिन पंपाच्या दट्ट्यासारखी आतली हवा आणि ग्लू दाबते, आणि लाकूड आतून चिरते. बाहेर काही दिसत नाही, पहिल्या पावसाळ्यात पॉलिशवर उभी रेष उमटते. ग्लू भोकाच्या भिंतीला काडीने लावावा, तळाशी ओतू नये. पिन बसल्यावर फेसवर आलेला ग्लू स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा आणि बट चकमध्येच रात्रभर ठेवावा.

यापुढची पायरी आपण बहुधा करत नाही, आणि तिचा उपयोग सर्वांत मोठा आहे. बटला शेवटचा निमुळता आकार पिन बसवण्यापूर्वी देऊ नये. बाहेरून अर्धा मिलिमीटर तरी माया शिल्लक ठेवावी. ग्लू पूर्ण घट्ट झाल्यावर पिनवर आतून आटे असलेली आणि बाहेर सेंटरचे छिद्र असलेली पितळी टोपी चढवावी, बटचा तळ दुसऱ्या सेंटरवर घ्यावा आणि मग बाहेरचा व्यास कापावा. आता पिन हाच अक्ष झाला, आणि बाकीचा बट त्याच्याभोवती गोल झाला. पिन दोन-तीन शतांश मिलिमीटर सरकली असेल तर तो दोष इथे कापला जातो. टोपी मात्र स्वतः अचूक हवी. ती एकाच सेटिंगमध्ये बोअर करून, आटे पाडून, सेंटर देऊन केलेली असावी.

फेसचा अंतिम हातही पिन बसल्यावरच घ्यावा, बट पुन्हा चकमध्ये गेजवर मध्यावर आणून. अरुंद टोकाचे हत्यार बाहेरून आत आणावे आणि पिनच्या मुळाशी पोहोचताना फेस पाच-दहा शतांश मिलिमीटर खोल करावा, म्हणजे टेकण्याचे काम बाहेरची कडा करते. मध्यभागी उंचवटा राहिला तर शाफ्ट त्यावर डोलतो. तपासणीसाठी सिगारेटच्या पातळ कागदाचे चार तुकडे जोडात चारी बाजूंना ठेवून हलके आवळा आणि एकेक ओढून पाहा; चारही सारख्या जोराने अडले पाहिजेत.

शाफ्टच्या बाजूला हेच सगळे, फक्त पिन नाही. बोअर, आटे, पातळ सुपर ग्लू, पुन्हा टॅप, मग आट्यांवर थोडे मेण. तेल लावू नये, ते लाकडात जाते आणि पुढे काहीच चिकटत नाही.

जबलपूरला १८७५ साली स्नूकर जन्माला आल्याचे मानतात आणि ते शहर भुसावळहून इटारसीमार्गे रेल्वेने जोडलेले आहे, म्हणून की काय, आपल्याकडच्या क्लबांत अजूनही स्नूकरच्या अ‍ॅश लाकडाच्या, पितळी जोडाच्या क्यू जास्त येतात. त्यांचा पितळी जोड दुरुस्त करतानाही वर सांगितलेली धरण्याची आणि बोअर करण्याची पद्धत तशीच लागू पडते.

हातात असलेल्या डोलणाऱ्या क्यूंचे काय करावे, हा प्रश्न उरतो. पेन्सिलच्या खुणेने दोष बटकडे निघाला आणि गेजवर पिन सरळ आढळली, तर केवळ फेस पुन्हा घ्यावा. बरेचसे काम तेवढ्यातच होते. पिन कललेली असेल तर ती काढावी लागेल. पिनवर जाड सोल्डरिंग गनचे टोक धरून ती तापवावी, लाकडाला थेट आच देऊ नये आणि कॉलरवर ओले फडके गुंडाळावे. इपॉक्सी मऊ झाला की पिनवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्या नटला पान्याने फिरवावे, पिन आट्यांवरून उलटी निघून येते. ती जोराने निघत नसेल तर अजून तापवावे, कारण घाईत ओढलेली पिन आटे घेऊनच बाहेर येते. रिकामे भोक बोरिंग बारने पुढच्या मापापर्यंत खरे करावे, त्यात मेपलची गोल गुल्ली तंतू क्यूच्या लांबीच्या दिशेने ठेवून सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने बसवावी, आणि निदान आठवडाभर थांबून त्याच सेटिंगच्या पद्धतीने नवे भोक घ्यावे. गुल्लीचा व्यास नव्या पिनपेक्षा किमान पाच मिलिमीटर मोठा असावा, म्हणजे नवे आटे जुन्या ग्लूच्या रेषेत येत नाहीत. तेवढा व्यास घेतल्यावर कॉलरखाली पुरेसे लाकूड उरत नसेल, तर तो बट सोडून द्यावा आणि त्याची पिन दुसऱ्या क्यूसाठी ठेवावी.